दांडी त्याची, बटणं माझी

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र पाहून घाबरू नका. सगळं ठीक आहे. ठीक आहे म्हणूनच लिहायला उसंत मिळाली. फोन का केला नाही म्हणाल, तर भिंतीला कान असतात म्हणतात, पण आपल्या घरात भिंतीपेक्षा तुमच्या दादांचे कान लांब. आणि मला जे विचारायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको आहे.

त्यांच्या डाव्या हातावरून वारं गेलं त्याला आता तीन महिने होत आले. पाय सुधारला, थोडा ओढतात इतकंच. बोलणं तर कधी बिघडलंच नव्हतं. तेवढं बिघडलं असतं तर घरात दोन दिवस शांतता तरी मिळाली असती. पण हात रुसलाय. पाट्या रंगवणाऱ्या डावखुऱ्या माणसाचा नेमका डावाच हात रुसावा, म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. व्यायामाच्या बाई येतात, रबरी चेंडू दाबायला लावतात. बाईंची पाठ वळली की चेंडू माझ्या शिवणाच्या मशीनच्या खणात. मी रीळ काढायला जाते आणि हातात चेंडू येतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांच्याबरोबर काम करणारा तो उंच रंगारी आठवतो ना, ज्याला अर्ध्या पाट्यांना शिडी लागत नाही? त्याला यांनी सांगून टाकलंय, "मार्च संपला की माझे ब्रश आणि शिडी घेऊन जा. नुसते पडले तर केस झडतील." पण वन्सं, ते ब्रश घरातून गेले तर त्या हाताला परत यायचं कारणच उरणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.

आता काल काय झालं ते ऐका. कोपऱ्यावर नाणं टाकून कपडे धुवायचं दुकान आहे. कपडे होईपर्यंत गिऱ्हाइकांना कंटाळा येतो म्हणून मालकानं कुठूनशी विमानांच्या खेळाची जुनी मशीन आणून ठेवलीय, उभी, कपाटाएवढी. चादरी धुवायला गेलो होतो. हे तिच्यासमोर उभे राहिले ते राहिलेच. मग उजव्या हातानं डावा हात उचलून दांडीवर ठेवला. नाणं टाकलं. विमान पडद्याच्या डाव्या कडेला जाऊन चिकटलं आणि तिथंच फुटलं. मी म्हटलं, आता चिडतील. तर म्हणाले, "बटणं कोण दाबणार? दाबणारी तिकडे क्रेनवर चढून बसलीय." आणि हसले हो! नीट, दात दिसतील असे.

मग कळलं की लहानपणी दोघांत एकच नाणं मिळायचं, म्हणून दांडी त्यांची आणि बटणं तुमची. तुम्हाला ते टकटक का म्हणतात हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आत्ता कळतंय. तर मला सविस्तर लिहा: त्या बटणांचं तुम्ही नक्की काय करत होता? मला शिकायचंय. त्यांना कळू देऊ नका.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

क्रेनच्या केबिनमध्ये बसून लिहितेय. खाली जेवणाची सुट्टी आहे आणि गोदीतले मालाचे सगळे डबे गप उभे आहेत. पत्रातून विमान उडवायला शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण तेच तर माझं रोजचं काम आहे, तेव्हा नीट वाच.

जमीन वरून खाली सरकत येते. नदी, रस्ते, शेतं, तळ, सगळं. ती थांबत नाही, तुला थांबवता येत नाही. विमान खालच्या बाजूला असतं. त्याला डावं, उजवं, थोडं पुढे, थोडं मागे नेता येतं. ते काम दांडीचं, म्हणजे दादाचं. म्हणजे ड्रायव्हरचं. खरा खेळ बटणांचा!

लाल बटण गोळीचं. एकदा दाबलं की एक गोळी. निळं बटण बॉम्बचं. त्याचा मोठा ढग होतो, ढग असेपर्यंत त्यात येणाऱ्या शत्रूच्या गोळ्या विरून जातात. बॉम्ब तीनच मिळतात. मध्येच एखादं जाडं विमान येतं, ते पाडलं की पुडकं सुटतं. पुडकं पकडलं की तुमची गोळी रुंद होते, एकाच्या दोन, दोनाच्या चार होतात. पण विमान फुटलं की सगळं जातं, पुन्हा बारीक गोळीपासून सुरुवात. असे तीन जीव.

आता गुरुमंत्र: लाल बटणावरचं बोट उचलायचं नाही. समोर कोणी असो नसो, टकटक चालूच. बोट थांबलं की संपलं. आणि दिसेल ते पुडकं पकडायचं. दादा "तिकडे नको, तिकडे गोळ्या आहेत" म्हणून कुरकुर करेल, ऐकू नकोस. भित्रा आहे.

शेजारी आणखी एक दांडी आणि बटणं असतील, ती दुसऱ्या विमानाची. दोघं एकदम उडवू शकतात, पण मग नाणीही दोन. आमच्याकडे ती एकदम कधी आली नाहीत. त्या दांडीला आम्ही हातही लावला नाही.

आणि दादाला निळे मोजे घालायला सांग. हसू नकोस. पाचव्या टप्प्यात एक लोखंडी पूल येतो, त्याच्यावर तोफांची अख्खी आगगाडी. त्या पुलापर्यंत आम्ही जन्मात एकदाच पोचलो, आणि त्या दिवशी त्याच्या पायात निळे मोजे होते. नंतर तो ते धुऊच देईना. शेवटी आईनं चिमट्यानं उचलून बादलीत टाकले, आणि पूल पुन्हा कधी दिसला नाही. आणखी काय पुरावा हवा?

पुलापलीकडे काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. दादा म्हणायचा, शेवटी विमान उतरतं आणि वैमानिक घरी जेवायला जातो. त्याला सगळ्याच गोष्टींचा शेवट जेवण वाटायचा.

मी यायचं बघतेय गं, पण इथं रजेचं काही खरं नाही. हात कसा आहे ते लिहीत जा.

तुझी,
वन्सं


२६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमचा गुरुमंत्र पाळला आणि पहिल्याच दिवशी बोट सुजलं. पडद्यावर तर नुसती गोळ्यांची खिचडी! पहिला टप्पाही पुरा होईना. यांच्या हाताला इकडून तिकडे जायला वेळ लागतो, तोवर चारी बाजूंनी गोळ्या. मग हे माझ्यावर ओरडणार, मी त्यांच्यावर. धुण्याला आलेल्या दोन बाया आमचं भांडण बघायला कपडे वाळले तरी बसून राहिल्या.

मी म्हटलं, उजव्या हातानं धरा की दांडी. धरली. विमान छान पळालं. पण लगेच सोडून दिली. म्हणाले, "हा उसना हात आहे. ह्यानं कसं उडवायचं?" आणि पुन्हा डावा उचलून ठेवला. बरंच वाटलं मला.

मग परवा कोटाला चेन बसवताना सुई बोटात घुसली. पट्टी बांधली. आता टकटक कसली करणार? अंगठ्यानं दाबायला लागले, आणि तेही समोर कोणी आलं तरच. हे ओरडतायत, "मार! मार!" मी म्हणते, "कोणाला मारू? समोर कोणी नाही." शिवतानासुद्धा कापड नसताना मशीन चालवत नाही मी, सुई मोडते. पुडकीही बरीचशी जाऊ दिली. यांचा हात पोचत नव्हता, म्हटलं जाऊ दे, पुढची बस येईल.

आणि वन्सं, काल आम्हाला पूल दिसला. आगगाडी, तोफा, सगळं तुम्ही लिहिलंय तस्संच. तिथं गेल्या गेल्या फुटलो, पण दिसला.

मोजे तपकिरी होते. मी मुद्दाम बघितलं.

तुमची,
वहिनी


४ मार्च

वहिनी,

शक्य नाही.

तिसऱ्या टप्प्यातही एक पूल आहे, लाकडी. तोच असणार. नाहीतर मशीन वेगळी असेल. नाहीतर त्या मालकानं आत कुठलंतरी बटण फिरवून खेळ सोपा केला असेल, गिऱ्हाइकं खूश राहावीत म्हणून. हल्ली सगळंच सोपं करून देतात. त्या खऱ्या पुलापर्यंत पोचायला आम्हाला अख्खी सुट्टी लागली होती. मी माझं बोट झिजवलंय. आणि तू म्हणतेस, पट्टी बांधलेल्या अंगठ्यानं, पुडकी सोडून देऊन, समोर कोणी आलं तर दाबते? बोटीनं जाताना वल्हं बाजूला ठेवून भरतकाम करण्यासारखं आहे हे.

त्या मालकाला विचार. आणि मला कळव.

पुलावरच्या आगगाडीला डबे किती होते? खरा असेल तर सांगता येईल.

हाताचं काही लिहिलं नाहीस.

वन्सं


१५ मार्च

प्रिय वन्सं,

रागावू नका हो! पत्र वाचलं आणि डोळ्यांसमोर तुमचं फुगलेलं नाक आलं. आगगाडीचे डबे मोजायला मी थांबले नाही. ती माझ्यावर गोळ्या झाडत होती.

मालकाला विचारलं. त्यानं काही फिरवलेलं नाही, त्याला तर मशीन उघडतासुद्धा येत नाही. पण तुमचे दादा विचारात पडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, एक गंमत करून बघू." आधी मालकाला बटणांवर उभं केलं आणि सांगितलं, बोट उचलायचं नाही, माझी बहीण दाबायची तसं दाब. पुडकीही शक्य तेवढी पकडली. वन्सं, दुसऱ्या टप्प्यातच आभाळ विमानांनी भरलं, आणि त्यांच्या गोळ्या अशा सुसाट की बघवेना. मग तीच जागा, मला उभं केलं. मी आपली माझ्या चालीनं. तर तीच नदी, तोच तळ, पण विमानं निम्मी, आणि गोळ्यासुद्धा फिरायला निघाल्यासारख्या येतायत. पुन्हा मालक, पुन्हा गर्दी. पुन्हा मी, पुन्हा निवांत.

मालकानं मशीन ज्याच्याकडून घेतली त्याला फोन लावला. तो म्हणाला, हो, या खेळाची खोडच ती आहे. तुम्ही जेवढं जास्त मारता, जेवढी जास्त पुडकी खाता, तेवढा तो तुम्हाला तरबेज समजतो आणि तेवढे जास्त तुमच्यावर सोडतो. हात आखडता घेतला की तोही आखडता घेतो.

म्हणजे समजलं का? इतकी वर्षं तुम्ही ज्यांना मारत होता, त्यांना बोलावतही तुम्हीच होता! अति तिथं माती. यांना हे कळलं तेव्हा हे धुण्याच्या मशीनला टेकून इतके हसले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी. "भित्रा म्हणायची मला," म्हणतात, "आणि पायावर धोंडा कोण मारत होतं?" तुम्हाला चिडवायला लिहीत नाही. थोडं चिडवायलाच लिहितेय, पण मुख्य म्हणजे ते हसले हे कळावं म्हणून.

आता हाताचं. दांडी डावीकडे जाते, पुढे-मागे जाते. उजवीकडे ओढायला मात्र अजून फार वेळ लागतो, खांद्यातून जोर लावतात तेव्हा कुठं हलते. व्यायामाच्या बाईंना मी सगळं सांगून टाकलं. वाटलं रागावतील. त्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या, खेळ बघितला आणि म्हणाल्या, "चेंडू राहू द्या. हेच रोज करा."

पण पुलाशी घोडं अडतं. तिथं आगगाडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मारत जाते, झटकन पलीकडे जावं लागतं आणि यांना झटकन जमत नाही. रोज तिथंच फुटतात. काल परत येताना म्हणाले, "एवढंच जमणार बहुतेक." आणि मग, मी न विचारता, "तो उंच्या कधी येतोय ब्रश न्यायला?" महिना संपत आलाय वन्सं. मी ब्रश माळ्यावर मागं सरकवून ठेवलेत, पण त्या माणसाला माळ्यावरचं घ्यायलासुद्धा स्टूल लागत नाही.

तुमची,
वहिनी


२१ मार्च

वहिनी,

हरले. घे, लिहून दिलं.

तुझं पत्र आल्यापासून मी डोकं खाजवतेय. आणि आज डबे उचलता उचलता मला ते मोजे आठवले. ज्या दिवशी आम्ही पुलापर्यंत गेलो, त्या दिवशी माझ्या बोटाला नखुरडं झालं होतं! ठणकत होतं. मी दुसऱ्या हाताच्या बोटानं कसंबसं दाबत होते आणि दादा मला ओरडत होता की आज तुझ्यामुळे हरणार. पुलापर्यंत पोचलो त्याचं सगळं श्रेय मोज्यांना. माझं बोट बरं झालं आणि आम्ही पुन्हा पहिल्यासारखे हरायला लागलो, तेव्हा दोष आईच्या बादलीला. बिचारी आई! किती बोललो आम्ही तिला.

आता एक गोष्ट सांगते, रजेची. रजा मिळते. मागितली तर उद्या मिळेल. मीच मागत नव्हते. त्या हातानं मला रस्ता ओलांडून नेलंय, माझ्या दप्तरावर माझं नाव काढून दिलंय, कान पिळलाय. तो हात नुसता मांडीवर पडलेला बघायचं धैर्य मला होत नाही, वहिनी. तीस माणसं खाली उभी असताना त्यांच्या डोक्यावरून डबा नेऊन अलगद टेकवते. पण तिकडे यायचं म्हटलं की तिकिटाच्या खिडकीपर्यंत जाऊन परत येते. एकदा नव्हे, दोनदा आलेय.

असो. बटणवाली म्हणून माझा काहीतरी उपयोग व्हायला हवा, तर नीट वाच. तू बॉम्ब टाकत नसणार. मी पैज लावते. तुझ्या कपाटात लग्नातले काचेचे कप अजून कागदात गुंडाळलेले आहेत, पाहुण्यांनासुद्धा काढत नाहीस. तशीच तिन्ही बॉम्ब जपून ठेवत असशील. आणि विमान फुटलं की ते फुकट जातात. नव्या विमानाला पुन्हा तीनच मिळतात, शिल्लक कोणी देत नाही.

पुलावर टाक. एकामागून एक, तिन्ही. ढग असेपर्यंत तिथं एकही गोळी लागत नाही, हे मी तुला आधी लिहिलंय. आम्ही तो मारायला वापरायचो. तू तो वेळ विकत घ्यायला वापर. दादाला झटकन जायला नको, सावकाश जाऊ दे. त्याच्या हाताला जेवढा वेळ लागतो तेवढा ढग तू धर.

ब्रश माळ्यावर नको. तुझ्या कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेव.

तुझी,
वन्सं


३० मार्च

प्रिय वन्सं,

पैज जिंकलात. तिन्ही जपत होते.

आज दुपारी गेलो. दुकानात बरीच गर्दी होती, आणि आमचा खेळ आता सगळ्यांना ठाऊक झालाय, त्यामुळे कोणी ना कोणी मागं उभं असतंच. पुलाशी आलो. आगगाडी निघाली. माझा अंगठा निळ्या बटणावर, आणि वन्सं, दाबवेना हो! वाटत होतं, पुढं याहून वाईट काही आलं तर? हे ओरडले, "टाक गं! कोणासाठी ठेवतेस?" टाकला.

ढग झाला. गोळ्या त्यात शिरल्या की नाहीशा. आणि हे निघाले उजवीकडे. दात आवळलेले, खांदा वर, पण खांद्यानं नाही, मी बघत होते, मनगटानं. विमान अगदी सावकाश, म्हातारा माणूस जिना चढतो तसं. ढग विरायला लागला, मी दुसरा टाकला. "अजून," हे म्हणाले. तिसरा टाकला. आणि ढग सरला तेव्हा विमान पलीकडच्या कडेला होतं. तिथून मी ठोकलं मग, तुमच्यासारखं, टकटक टकटक, बोट दुखेपर्यंत. पूल पडला! मागं टाळ्या वाजल्या. कोणाचं तरी धुणं होऊन मशीन किती वेळ पीं पीं करत होती, कोणी उघडायला गेलं नाही.

पुढचे टप्पे मला फारसे आठवत नाहीत. समुद्र आला, बर्फ आलं, एक भलंमोठं विमान आलं. शेवटच्या जिवावर होतो. आणि मग एकदम सगळं शांत झालं, एक धावपट्टी आली आणि आपलं विमान आपलं आपण खाली उतरलं. दांडी न हलवता. हे म्हणाले, "बघ, आता जेवायला जाईल."

ते विमान क्षणभर उभं राहिलं, आणि पुन्हा उडालं! पुन्हा पहिली नदी, पहिलं शेत, फक्त थोडं घाईत. शेवट नाहीच आहे त्याला. पुन्हा पहिल्यापासून.

मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं, हिरमुसले असतील. तर म्हणाले, "जेवलासुद्धा नाही बिचारा." आणि दांडी धरून तसेच पुढे उडवायला लागले.

उद्या उंच्या येतोय. ब्रश पेटीतून काढून त्यांच्यासमोर ठेवलेत. लपवून काय होणार? जे व्हायचं ते त्यांनी ठरवावं. उद्या काय झालं ते मी लिहीन किंवा

(हे मशीनच्या खणात ठेवते. ते हाक मारतायत.)


९ एप्रिल

टकटक,

अक्षर बघून हसायचं नाही. डाव्या हाताचं आहे. एकेकाळी हा हात दुकानदारांची नावं काढायचा, आता तुझं एवढंसं नाव काढताना जीभ बाहेर येते. हे पत्र लिहायला पाच दिवस लागले, मध्ये मध्ये चहा घेतला.

वहिनीचं अर्धं पत्र सोबत पाठवतोय. पुरं करू दिलं नाही, म्हटलं, पुढचं मी लिहितो. ती विचारत होती, तुम्हाला पत्रांचं कसं कळलं? अगं, चेंडू मी कुठं टाकत होतो? मशीनच्या खणात. आणि ही तुझी पत्रं कुठं लपवत होती? पहिल्या पत्रापासून सगळी वाचलीत. मला ड्रायव्हर म्हटलंस तेही.

उंच्या आला होता. शिडी दिली त्याला. शिडीवर आता मी चढणार नाही, पाय तसा राहिला नाही, तेवढं कबूल केलं. शिडी खांद्यावर टाकून तो निघाला तेव्हा थोडं वाईट वाटलं. पण ब्रश मागितले तेव्हा म्हटलं, ते राहू देत. टेबलावर ठेवून रंगवता येतील अशा लहान पाट्या करीन. पहिली केली धुलाईच्या दुकानाची. "खिसे तपासून कपडे टाका." खिसेमधला खि थोडा वाकलाय. मालक म्हणाला, नवी करा. मी म्हटलं, नाही, ही लाव. तो खि माझ्या हातानं काढलाय, कोणाच्या उसन्या नाही. लावली त्यानं.

तुझ्या वहिनीनं काचेचे कप काढलेत. रोज त्यातच चहा. एक मी फोडला, डाव्या हातानंच. तिनं कपाटातून दुसरा काढला.

आता तुझं. तू ठोकत होतीस म्हणून ती सगळी आपल्यावर यायची, हे खरं निघालं. मी पोटभर हसलो. पण नंतर रोज खेळताना एक जाणवतं, ते तुला सांगायचंय. हिच्याबरोबर लांब जाता येतं, शेवटपर्यंत. पण आभाळ मोकळं असतं गं. तुझ्याबरोबर आपण दोन टप्प्यांत मरायचो, पण काय भरलेलं असायचं आभाळ! जिकडे बघावं तिकडे विमानं. मला तेच आवडायचं. म्हणून तर तुला कधी थांब म्हटलं नाही.

हात मांडीवर पडलेला नाही आता. दांडीवर असतो. तेव्हा त्या खिडकीवर जा आणि या वेळी तिकीट घेऊन ये. शेजारची दांडी रिकामी आहे. तू दिवसभर क्रेनच्या दांड्या ओढतेस, म्हणजे हीही चालवता येत असणार. ह्या वेळी माझ्याकडे दोन नाणी आहेत.

ये आणि ठोक.

दादा